इवलूची ऊब

अश्लेषा चौगुले डेअरीतून घरी आली की आधी कुणालाच हात लावत नसे. चपला बाहेर सोडायच्या, मनगटावरचं घड्याळ काढून खुंटीला अडकवायचं, पांढरा कोट आणि डोक्याचा रुमाल दाराशेजारच्या वेताच्या टोपलीत टाकायचा आणि थेट बाथरूम गाठायची. तिची मुलगी रेवा आतून धावत यायची, तेव्हा अश्लेषा दोन्ही हात वर करून म्हणायची, "थांब, थांब! आधी अंघोळ." रेवा आठ वर्षांची झाली होती. रोज धावत यायची आणि रोज हातभर अंतरावर थांबायची.

यात दुष्टपणा काही नव्हता. अश्लेषा पंचधारा दूध संघात वासाची परीक्षक होती. खेडोपाड्यांतून आलेल्या कॅनचं झाकण उघडलं की पहिली वाफ तिने घ्यायची आणि निकाल द्यायचा, 'पास' किंवा 'परत'. कॅन उतरवायच्या धक्क्यावर इलेक्ट्रॉनिक नाकही बसवलेलं होतं. दुधात काय काय आहे ते ते यंत्र सांगे. पण ते दूध एखादं माणूस तोंडाला लावेल की नाही, हे त्याला सांगता येत नसे. म्हणून शेवटचा शब्द अजून माणसाच्या नाकाचा होता.

नाक शाबूत ठेवायचं तर पथ्यं आली. घरात उदबत्ती नाही, गजरा नाही, वासाचा साबण नाही. चौगुल्यांच्या घराला कसलाच वास नव्हता, आणि अश्लेषाला त्याचा अभिमान होता. धक्क्यावरून मात्र ती अंगावर जे घेऊन यायची त्याची तिला शिसारी होती. सांडून आंबलेलं दूध, फरशी धुवायचं क्लोरीन, रबरी हातमोज्यांत दिवसभर उकडलेला घाम. मुलीच्या वाट्याला स्वच्छ आई यावी, एवढीच तिची इच्छा होती.

रविवारी दोघी घरातच धक्का मांडायच्या. रेवा स्टुलावर बसायची, अश्लेषा एकेक कप पुढे करायची. एकात साधं दूध, एकात ताकाचा थेंब घातलेलं, एकात पाणी मिसळलेलं. रेवा डोळे मिटून वास घ्यायची आणि आईच्या थाटात ओरडायची, "परत!" पाणी घातलेलं दूध तिच्या नाकातून आजवर एकदाही सुटलं नव्हतं.

इवलू घरात आला तो रेवाच्या आठव्या वाढदिवसाला. ओंजळीत मावेल असा मऊ, राखाडी प्राणी. तो कधी ससा वाटे, कधी घुबडाचं पिल्लू. पोटाशी धरला की हलका गरम व्हायचा आणि भिंतीवरच्या पडद्यावर त्याचं जंगल उघडायचं. त्या जंगलात त्याला खाऊ घालायचं, घरटं बांधायचं, थंडी वाजली की 'ऊब' द्यायची. वर्गात सगळ्यांकडे होता. अश्लेषाला तो निरुपद्रवी वाटला.

त्यानंतरच्या दिवाळीत फ्लॅट ठरला. डेअरीच्या क्वार्टरमधून निघून कोल्हापुरात रंकाळ्याच्या अंगाला स्वतःचं घर. बिल्डरच्या ऑफिसात संग्रामने, म्हणजे अश्लेषाच्या नवऱ्याने, बयाण्याची रक्कम भरायला बोट टेकवलं. पडदा लाल झाला. त्याने पुन्हा टेकवलं.

"होतं असं कधी कधी," बिल्डरची मुलगी समजुतीने म्हणाली. "सर्व्हरला आज लोड आहे."

सर्व्हरला काही झालं नव्हतं. दोघांच्या खात्यातच पुरेसे पैसे नव्हते. संग्रामने तिथेच व्यवहार उलगडले आणि त्याचा चेहरा उतरत गेला. एकोणपन्नास रुपये. नव्याण्णव. पुन्हा नव्याण्णव. एकेक आकडा इतका किरकोळ, की बँकेनेही हाक मारली नव्हती. सगळी मिळून बेरीज तीन लाखांच्या घरात. पैसे घेणाऱ्याचं नाव सगळीकडे एकच होतं, इवलू.

"घरी चल," संग्राम म्हणाला. गाडीत तो एक शब्द बोलला नाही.

घरी आल्यावर तो खूप बोलला. रेवा सोफ्याच्या कोपऱ्यात इवलूला पोटाशी धरून बसली होती.

"काय घेतलंस एवढ्या पैशांत? सांग की! जंगल विकत घेतलंस का हत्तींसकट?"

"ऊब," रेवा म्हणाली.

"काय?"

"त्याला थंडी वाजते. मग ऊब द्यावी लागते."

"तीन लाखांची ऊब! आमच्या आबांनी उभ्या जन्मात एक कांबळं वापरलं गं." संग्रामने हात पुढे केला. "आण ते इकडं."

रेवाने दिला नाही. त्याने ओढून घेतला. रेवा रडली नाही. तिने घशातून एक विचित्र आवाज काढला आणि गुडघ्यात डोकं खुपसलं. संग्रामने इवलू तोंडाजवळ नेला नि नाक मुरडलं. "ई! आंबलंय काहीतरी. अश्लेषा, हे बघ. काय सांडलंय याच्यावर?"

अश्लेषाने तो हातात घेतला. रेवाच्या अंगाची धग अजून त्यात होती. तिने सवयीने डोळे मिटले आणि पहिली वाफ घेतली.

आंबलेलं दूध तिने लगेच ओळखलं. मग क्लोरीन. मग रबर. टोपलीतल्या कोटाशेजारी पडला असेल, वास लागला असेल, ती मनाशी म्हणाली. पण खाली आणखी काहीतरी होतं. कोमट, तेलकट, जुन्या नाण्यासारखं. ते दुधाचं नव्हतं, यंत्राचंही नव्हतं. एखाद्या माणसाच्या अंगाचं होतं. मोठ्या माणसाच्या. आणि ते इतकं दाट होतं की ते माणूस तिच्या नाकाला खेटून उभं असावं.

तिने किळसून तोंड फिरवलं. तिने इवलू पटकन स्टीलच्या डब्यात टाकला आणि झाकण दाबलं.

"रेवा," ती शक्य तितक्या सावकाश म्हणाली, "याला आणखी कोण जवळ घेतं? व्हॅनमध्ये कोणी? शाळेत? कोणी मोठं माणूस?"

"कोणी नाही."

"तुला कोणी जवळ घेतं?"

रेवाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "कोणी नाही," ती म्हणाली.

त्या दिवशी रेवा जेवली नाही. पुढे अश्लेषाच्या मनात जे येत होतं ते तिने पुरतं येऊ दिलं नाही. सकाळी डबा पिशवीत घालून ती प्रयोगशाळेत घेऊन गेली.

शहनाज मुजावर संघाची सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होती. दोघी रोज एकाच गाडीने जायच्या-यायच्या. अश्लेषाने डबा टेबलावर ठेवून सगळं सांगितलं, तेव्हा शहनाजची नेहमीची थट्टा बंद झाली.

"पोलिसात जायचं?"

"आधी कळू दे हे काय आहे ते."

पोट उसवल्यावर कळलं. कापसात तांदळाच्या दाण्याएवढं नाक होतं. दहा वर्षांपूर्वी धक्क्यावर बसवलं तेव्हा तेच यंत्र कपाटाएवढं होतं. दूध नासलं की कळावं म्हणून माणसाने ते बनवलं, आणि स्वस्त झालं तसं ते खेळण्यात शिरलं. नाकाशेजारी केसाएवढ्या बारीक नळ्यांची चकती होती. प्रत्येक नळीत एकेक रसायन. विजेची सूक्ष्म धग दिली की हवं ते, हवं तेवढं उडायचं. रंगांच्या मोजक्या ट्यूबांतून चित्रकार हवी ती छटा करतो, तसं ते नाकाने हुंगलेला वास नळ्यांतून पुन्हा जुळवत होतं. आणि पोटाच्या मऊ कातडीखाली एक तबकडी होती. ती मिठीत धरणाऱ्या मुलाच्या हृदयाचे ठोके ऐकायची.

अश्लेषा खुर्चीत बसली. यंत्र कसं चालतं ते तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूच्या मधल्या चौकीवर थांबतं, तपासलं जातं आणि मग पुढे जातं. वासाला ती चौकी नाही. तो नाकातून निघतो आणि मेंदूच्या ज्या भागात भीती, माया आणि आठवण राहतात, तिथे थेट जाऊन बसतो. इवलू घरातले सगळे वास एकेक करून मुलासमोर धरत असणार. कशाने ठोके संथ होतात ते पाहत असणार. सापडलं की तोच वास देत राहायचा. मूल त्याला सोकावलं की काढून घ्यायचा. पडद्यावर थंडीने कुडकुडायचं. मग विकायचा.

"चांगलं डोकं लावलंय हरामखोरांनी," शहनाज म्हणाली. "पण कुणाचा वास?"

वायू वेगळे करणाऱ्या यंत्राने कागदावर शिखरं काढली. आंबलेल्या दुधाची आम्लं. क्लोरीनच्या जातीचं काहीतरी. आणि मग माणसाच्या कातडीवरचं तेल हवेत तुटतं तेव्हा निघणाऱ्या द्रव्यांची एक लांब रांग. ही द्रव्यं सगळ्यांच्या अंगावर असतात, पण त्यांचं प्रमाण एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. रांगेतलं प्रत्येक शिखर अश्लेषाला नावानिशी सांगता येत होतं. ते माणूस मात्र तिला ओळखू येत नव्हतं.

"पॅनेल बोलव," ती म्हणाली.

डेअरीत वासाचा वाद झाला की पॅनेल बसतं. पाच प्रशिक्षित माणसं, पाच वेगळे कप्पे, झाकणाच्या बाटल्यांवर नुसते आकडे. कुणी कुणाशी बोलायचं नाही. वास घ्यायचा आणि कागदावर लिहायचं. अश्लेषाने बाटल्या भरल्या आणि स्वतः बाहेर थांबली.

पॅनेलला वेळ लागला नाही. पहिल्या कप्प्यातून कुणीतरी खुसखुसलं. दुसऱ्यातून खोकला आला. मग पाचही जण बाहेर आले आणि एकमेकांकडे पाहत उभे राहिले, जशी शाळेत मुलं बाईंच्या साडीला खडू लागला की राहतात. कागद शहनाजच्या हातात होते. तिने ते वाचले, पुन्हा वाचले.

"बोल की," अश्लेषा म्हणाली. "काय लिहिलंय?"

"अशू, रागवू नकोस."

"शहनाज!"

"अगं, तुझाच आहे."

अश्लेषाला अर्थच लागला नाही.

"संध्याकाळी तू गाडीत येऊन बसतेस ना, तो. पाचही जणांनी तुझंच नाव लिहिलंय. मी पॅनेलशिवायही सांगितलं असतं, पण तू व्हॅन नि मोठं माणूस म्हणालीस, मला वाटलं..." शहनाज थांबली. "कधी सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय? सगळ्यांनाच येतो. माझाही येत असेल."

नाक सततच्या वासाची दखल घेणं सोडून देतं. हे अश्लेषा दर वर्षी नव्या मुलांना पहिल्याच तासाला शिकवायची. म्हणून आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, आणि स्वतःचा तर कधीच नाही. शिकवताना ती फळ्यावर एक नाक काढायची आणि वर्ग हसायचा.

ती आत गेली आणि बेसिनपाशी ओकली. काल ज्या अनोळखी माणसाच्या वासाची तिला किळस आली होती, ते माणूस ती स्वतःच होती. संग्रामलाही ओळखू आली नव्हती. आंबलंय काहीतरी, एवढंच म्हणाला होता तो.

बाहेर आली तेव्हा शहनाज इवलूच्या शिखरांचा कागद, यंत्रातून नुकत्याच काढलेल्या अश्लेषाच्या कोटाच्या शिखरांशेजारी धरून बघत होती. "आणखी एक," ती म्हणाली. "प्रमाण जुळतंय, पण दाटपणा बघ. तुझ्या कोटावर आहे त्याच्या चाळीसपट. तुझा अर्क काढलाय त्यांनी, म्हणून तर तुलाही आला."

संध्याकाळी अश्लेषा रेवाशेजारी जमिनीवर बसली. अंघोळ करूनच बसली; सवय जात नव्हती.

"रेवा, माझं घड्याळ तू घ्यायचीस?"

रेवाने मान हलवली.

"कधी?"

"तू अंघोळीला गेलीस की."

त्या घड्याळाने पैसे भरता येत, आणि ते मनगटावरून उतरवलं तरी थोडा वेळ मालकाला विसरत नसे. घडोघडी ओळख पटवत बसायला लागू नये, म्हणून दिलेली ती सोय होती. तेवढा वेळ रेवाला पुरत होता. ती टोपलीशेजारी बसायची. इवलू टोपलीतल्या कोटावर ठेवायची. तो कोट हुंगायचा आणि थंडीने कुडकुडायचा. रेवा घड्याळ त्याच्या पोटाला टेकवायची. आत पाण्याचा आवाज चालू असायचा. आई स्वतःला घासून घासून धुवत असायची आणि बाहेर मुलगी आईच्याच घड्याळाने तीच आई विकत घेत असायची.

"इवलू नव्हता तेव्हा काय करायचीस?"

"टोपलीपाशीच बसायचे."

अश्लेषाने तिच्या पाठीवर हात ठेवला. रेवाने तो ठेवू दिला, पण हातात हात घेतला नाही. ती डब्याकडे पाहत होती.

कंपनीला तक्रार गेली आणि आठवड्याच्या आत त्यांचा माणूस आला. निमिष कारखानीस. पद, ग्राहक-स्नेह अधिकारी. तरुण, हसरा, येताना फळांची मोठी टोपली घेऊन आलेला. चपला त्याने स्वतःहून बाहेर काढल्या. संग्राम त्याच्यासमोर बसला, अश्लेषा खिडकीपाशी. रेवा शेजारी खेळायला पाठवली होती.

"ताई, दादा, आधी एक सांगतो," निमिष म्हणाला. "घड्याळ तुमचं, परवानगी तुमच्या घड्याळाची. कायद्याने कंपनी तुमचं काही देणं लागत नाही. पण आम्ही कायद्यावर चालत नाही, नात्यावर चालतो. सगळी रक्कम देऊन टाकतो. सगळी."

संग्राम पुढे सरकला. "सगळी?"

"वर दरमहा थोडा मोबदला. ताईंची फक्त एक सही हवी."

"कशावर?" अश्लेषाने विचारलं.

निमिषच्या चेहऱ्यावर खरोखरच कौतुक आलं. "ताई, तुमचा वास फार छान चालतोय."

संग्रामने अश्लेषाकडे पाहिलं.

"म्हणजे असं, की काही घरांत इवलूला पहिले काही दिवस काहीच सापडत नाही. आई-वडील दोघं दिवसभर बाहेर, स्वयंपाक बाहेरचा, एसी चालू. अशा मुलांना सुरुवातीला देण्यासाठी एखादा तयार वास लागतो. आम्ही हजारो तपासले. तुमचा पहिल्या पाचांत आला! त्यात दूध आहे, कष्ट आहे, घर आहे. सुरतेत चालतो, हुबळीत चालतो, नाशकात तर विचारू नका. मुलं मिठीत घेतात आणि दोन मिनिटांत शांत."

"चालतोय म्हणजे, आत्ता चालू आहे?" अश्लेषाने विचारलं.

"चाचणी म्हणून. ते अटींमध्ये आहे. आता रीतसर करू या म्हणून तर आलो."

अश्लेषाला वाटलं, आपण भर रस्त्यात अंघोळ करतो आहोत आणि लोक रांग लावून उभे आहेत. तिच्या काखेतला घाम, तिच्या मानेवरचं तेल, हातमोज्यांत उकडलेली तिची बोटं हुबळीतल्या कुठल्यातरी पलंगावर एक अनोळखी पोर छातीशी धरून पडलं होतं. आणि त्या पोरालाही थंडी वाजायला लागली असेल. त्याच्याही घरात कुणाचंतरी घड्याळ खुंटीला असेल.

"तुमच्या घरी आहे इवलू?" तिने विचारलं. तिला वाटलं होतं तो गडबडेल.

निमिष गडबडला नाही. "आहे ना! माझ्या मुलीकडे. तिच्याकडे आजीचा वास आहे, माझ्या सासूबाईंचा." तो मोकळेपणाने हसला. "त्या गेल्या पावसाळ्यात वारल्या. पण खरं सांगू ताई? मुलीला त्रासच झाला नाही. एकदाही विचारलं नाही तिने, आजी कुठंय म्हणून."

त्याच्या डोळ्यांत लबाडी असती तर अश्लेषाला बरं वाटलं असतं. लबाडी नव्हती. तो तिला चांगली बातमी सांगत होता.

तिने उठून फळांची टोपली त्याच्या हातात दिली. "ही घेऊन जा."

"ताई, विचार करा. आणि एक काळजीपोटी सांगतो, एकदम बंद करू नका. मुलांना जड जातं. आमच्याकडे हळूहळू कमी करायची योजना आहे, महिन्याला..."

"चपला बाहेरच आहेत तुमच्या," अश्लेषा म्हणाली.

तो गेल्यावर संग्रामने दार लावलं. मग म्हणाला, "मला पटतंय तुझं. घाण आहे सगळं. पण फ्लॅट गेला, अश्लेषा. हातातोंडाशी आलेला. सही केली असतीस तर तुझ्या अंगाचं काय झिजलं असतं?"

"तुला तो वास ओळखू आला नव्हता," ती म्हणाली.

"काय?"

"इवलू तू नाकाशी धरलास. आंबलंय म्हणालास."

"अगं, मी काय वासाचा परीक्षक आहे का?" तो चिडून म्हणाला. मग ती काय म्हणतेय ते त्याच्या लक्षात आलं. उठून त्याने स्टीलचा डबा फडताळातून काढला, पायरीवर नेऊन इवलूच्या पोटातली नळ्यांची चकती दगडाने ठेचली. सगळं अंगण अश्लेषाच्या वासाने भरून गेलं. या वेळी तिने तोंड फिरवलं नाही. शेजारच्या भोसलेकाकूंनी मात्र खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शहनाजच्या गाडीत बसताना अश्लेषा म्हणाली, "आज मी घरी जाऊन अंघोळ करणार नाहीये."

शहनाजने तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या बाजूची काच खाली केली. "मग आत्तापासूनच सराव करू या," ती म्हणाली. थोडं पुढे गेल्यावर मात्र गंभीर झाली. "आणि तिला नाही चालला तर?"

"मुलांचं नाक लवकर सुधारतं. मेंदू जास्तीची सवय सोडतो. वेळ लागतो."

"हे तू परीक्षक म्हणून सांगतेस, का आई म्हणून?"

अश्लेषाने आपल्या बाजूची काच पुन्हा वर केली.

त्या दिवशी धक्क्यावर गर्दी होती. क्लोरीन ताजं होतं, हातमोजे दिवसभर निघाले नव्हते. दारात तिने चपला सोडल्या. घड्याळ काढलं नाही. कोट काढला नाही. रुमाल तसाच डोक्याला. तिला स्वतःची शिसारी येत होती, बोटांच्या टोकांपर्यंत. पाय आपोआप बाथरूमकडे वळत होते. तिने खाली बसून दाराच्या चौकटीला पाठ लावली, म्हणजे उठणं अवघड जाईल.

रेवा आतून धावत आली आणि नेहमीप्रमाणे हातभर अंतरावर थांबली.

"ये," अश्लेषा म्हणाली.

"अंघोळ?"

"नाही करत आज. ये इकडे."

रेवा जागची हलली नाही. जन्मभर जिथे थांबायला शिकवलं होतं, तिथेच ती उभी होती. मधली फरशी तिला ओलांडता येत नव्हती. मग तिने आधी एक पाऊल टाकलं, मग दुसरं. अश्लेषाच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसली. डोळे मिटले. रविवारी स्टुलावर बसून घ्यायची, तसा तिने आईच्या गळ्यापाशी नाक नेऊन वास घेतला. पुन्हा घेतला. कोटाच्या बाहीचा घेतला. तळहाताचा घेतला. तिच्या कपाळाला बारीक आठी पडली.

"काय गं?" अश्लेषाने विचारलं.

रेवा प्रामाणिक मुलगी होती. तिला खोटा निकाल द्यायला कुणी शिकवलं नव्हतं.

"पाणी घातल्यासारखा आहे," ती म्हणाली.

अश्लेषाने मान हलवली. तिने हजारो कॅन असेच परत पाठवले होते. गावाहून पहाटे निघालेल्या, उन्हात तिष्ठत थांबलेल्या लोकांचे कॅन. त्या लोकांचे हात कॅनच्या कडीवरून सुटत नसत. निकालाच्या आधीच्या क्षणी ते तिच्या तोंडाकडे कसे बघत ते तिने कधी नीट पाहिलं नव्हतं. आता ती मुलीच्या तोंडाकडे तशीच बघत होती.

रेवा 'पास' म्हणाली नाही. बराच वेळ तिची नजर आईवरून रिकाम्या टोपलीकडे आणि टोपलीवरून पुन्हा आईकडे जात राहिली. मग तिने आईच्या डोक्याचा रुमाल ओढून काढला, नाकाला लावला, थोडं तोंड वाकडं केलं, आणि तो टोपलीत न टाकता मुठीत धरून तिथेच, हातभर अंतरावर, बसून राहिली.

'परत' असंही ती म्हणाली नव्हती. अश्लेषा चौकटीला टेकून, स्वतःच्या वासात, वाट बघत बसली.